चेंडू हलायच्या आधी

१० डिसेंबर २०२३ ची दुपार, अमेरिकन फुटबॉलचा सामना, कॅन्सस सिटीचं अ‍ॅरोहेड स्टेडियम. चीफ्स संघ बफेलो बिल्सपेक्षा तीन गुणांनी मागे आणि खेळ संपायला दीड मिनिटसुद्धा उरलेलं नाही. पॅट्रिक महोम्सनं चेंडू ट्रॅव्हिस केल्सीकडे फेकला. केल्सीनं तो झेलला, थोडा पळाला आणि अंगावर बचावपटू येताना पाहून मैदानाच्या पलीकडे कडेरियस टोनीकडे उडवला. टोनी मोकळाच होता, तो थेट एंड झोनमध्ये, मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवायच्या पट्ट्यात, शिरला. टचडाउन! प्रेक्षक उसळले, आणि मग सगळ्यांना गवतावर पडलेलं पिवळं फडकं दिसलं, चूक झाल्याची पंचांची खूण. खेळ सुरू झाला त्या क्षणी टोनी ऑफसाइड, म्हणजे ठरलेल्या रेषेच्या पुढे, उभा होता. टचडाउन रद्द झालं आणि चीफ्स २०-१७ असे हरले.

सांगलीच्या माझ्या मामेभावानं सोमवारी सकाळी ही क्लिप पाहिली आणि लगेच फोन केला. तो एकेकाळी तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळलेला आहे. "एवढं फेकलं, झेललं, पळाले, त्यात कुठंच चूक नाही," तो म्हणाला, "आणि चूक निघाली ती नुसतं उभं राहण्यात?" मी समजावायला सुरुवात केली ती पाऊण तास बोलतच राहिलो. अमेरिकेत माझ्या मुलाच्या शाळेच्या सामन्यांना मी दोन हंगाम साखळी धरली आहे. दहा यार्ड मोजायची साखळी, दोन्ही टोकांना काठ्या. ती धरणारे पालक सीमारेषेवर लाइन्समन पंचाच्या अगदी शेजारी उभे असतात. चेंडू हलायच्या आधीचे ते दोन-तीन सेकंद मी बहुतेक त्याच्या खांद्यामागून पाहिले आहेत, आणि मला या खेळात तोच भाग सगळ्यात आवडतो.

आधी थोडी जुळवाजुळव. अमेरिकन फुटबॉल तुकड्या-तुकड्यांत खेळतात. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, प्रत्येक संधी म्हणजे एक डाउन. प्रत्येक डाउनला दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा जण समोरासमोर उभे राहतात. मधोमध चेंडू जमिनीवर असतो. आक्रमणाचा सेंटर तो आपल्या दोन पायांमधून मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे चाल चालवणाऱ्या खेळाडूकडे, देतो. यालाच स्नॅप म्हणतात. स्नॅप झाला की खेळ जिवंत होतो आणि पाच-सहा सेकंदांत बहुतेक आटपतो. मग पुन्हा सगळे उभे.

आता मुख्य गोष्ट. स्नॅप कधी होणार हे फक्त आक्रमणाला माहीत असतं. क्वार्टरबॅक ओरडत असतो, त्यातल्या कितव्या शब्दावर चेंडू निघणार हे त्यांचं आधी ठरलेलं. बचावाला ते माहीत नसतं, त्यांनी चेंडू हललेला पाहूनच उसळी मारायची. समोर सव्वाशे-दीडशे किलोची माणसं हातभर अंतरावर वाकून बसलेली असताना तुम्हाला निघायचा क्षण आधी कळणं हा केवढा मोठा फायदा आहे, याचा विचार करा. तो फायदा नियमांनी आक्रमणाला देऊन टाकला आहे. त्याची किंमत म्हणून एकच अट घातली: स्नॅपआधी तुम्ही दगडासारखं स्थिर राहायचं. बचावाला स्थिर राहायची सक्ती नाही. ते आपल्या बाजूला हवं तेवढं नाचोत, जागा बदलोत, पुढे येऊन मागे जावोत. फक्त मधली पट्टी ओलांडायची नाही.

हा सौदा नीट लक्षात ठेवला तर पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात. मामेभावाला मी हेच कबड्डीतून सांगितलं. चढाई करणारा हूल देतो, ते कौशल्य आहे, त्यावर टाळ्या पडतात. इथे आक्रमणाकडे गुपित आधीच आहे. त्यावर त्यांना अंगानं हूलही देऊ दिली तर बचावाला खेळायला काही उरणारच नाही. म्हणून अंगानं हूल देणं हाच गुन्हा, आणि त्याचं नाव फॉल्स स्टार्ट.

नियमाचा आशय असा: आक्रमणाचा खेळाडू एकदा जागा घेऊन स्थिर झाला की त्यानं स्नॅपआधी अशी झटक्यानं हालचाल करायची नाही, जी पाहून खेळ सुरू झाला असं वाटावं. यातला 'झटक्यानं' हा शब्द पंचांसाठी सगळं काही आहे. क्वार्टरबॅक डोकं वळवून बघतो, हातानं खुणा करतो, कुणी सावकाश मान फिरवतं, कुणी हेल्मेटचा पट्टा नीट करतं. हे सगळं चालतं. पण त्याच क्वार्टरबॅकनं बचावाला फसवायला मान झटक्यानं खाली टाकली की चालत नाही. हालचाल किती मोठी होती यापेक्षा ती कशी होती हे पंच बघतो. आणि मधल्या फळीच्या जाडजूड लाइनमनना आणखी कडक बंधन आहे: एकदा एक हात जमिनीला टेकवून बैठक घेतली की तो हात उचलायचाही नाही, जागाही बदलायची नाही. हळूच उचलला तरी फॉल्स स्टार्ट. कारण समोरचा बचावपटू नेमका त्या हाताकडे टक लावून बसलेला असतो.

हूल मात्र पूर्णपणे गेलेली नाही. आवाजानं देता येते. क्वार्टरबॅक एखादा शब्द अचानक जोरात, ठसक्यात ओरडतो, म्हणजे बचावाला वाटावं की हाच तो शब्द. याला हार्ड काउंट म्हणतात आणि क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्स यात वाकबगार मानला जातो. घशानं फसवा, अंगानं नको, अशी ही वाटणी आहे. उलट बाजूनं बचावपटूंना समोरच्या क्वार्टरबॅकच्या आरोळीची नक्कल करून गोंधळ घालायला मनाई आहे.

फॉल्स स्टार्टची शिक्षा पाच यार्ड, म्हणजे साधारण साडेचार मीटर मागे, आणि तोच डाउन पुन्हा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तिसऱ्या डाउनला दोन यार्ड हवे होते त्याचे सात झाले की सगळा बेत बदलतो. २७ नोव्हेंबर २००५ ला न्यूयॉर्क जायंट्स सिअ‍ॅटलमध्ये खेळले. तिथल्या गर्दीच्या आवाजात त्यांच्या लाइनमनना आपल्याच क्वार्टरबॅकचं ऐकू जाईना. त्या एका सामन्यात त्यांच्यावर अकरा फॉल्स स्टार्ट लागले आणि जादा वेळेत ते तीन गुणांनी हरले. पाहुणे संघ अशा मैदानांवर शब्द सोडून मुक्या खुणांवर स्नॅप करतात ते याचमुळे. अ‍ॅरोहेडला २०१४ साली १४२.२ डेसिबलची नोंद झाली होती. तिथे शब्द ऐकू येणार कुणाला?

बचावाची बाजू थोडी गुंतागुंतीची आहे, आणि मला वाटतं नव्या प्रेक्षकाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. दोन्ही संघांच्या मध्ये चेंडूच्या लांबीएवढी, म्हणजे साधारण २८ सेंटिमीटरची, एक अदृश्य पट्टी असते. तिला न्यूट्रल झोन म्हणतात. स्नॅपच्या क्षणी त्या पट्टीत सेंटरखेरीज कुणाचाही कुठलाही अवयव असता कामा नये. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, बचावपटू फसून पुढे उडी मारून आला, कुणाला शिवला नाही आणि स्नॅपआधी परत मागे गेला, तर काहीच घडलं नाही असं मानतात. स्नॅप होताना तो पलीकडेच असेल तर ऑफसाइड. तो आक्रमणाच्या कुणाला किंवा चेंडूला शिवला तर एन्क्रोचमेंट. शिवला नाही, पण त्याच्या येण्यानं समोरचा लाइनमन दचकून हलला, तर तोही बचावाचाच दोष, लाइनमनचा फॉल्स स्टार्ट धरत नाहीत. सगळ्यांची शिक्षा पाचच यार्ड, पण खेळ थांबायचा की चालू ठेवायचा हे वेगवेगळं.

शिट्टी केव्हा आणि नुसतं फडकं केव्हा, यामागचं तर्कशास्त्र मला फार सुंदर वाटतं. फॉल्स स्टार्ट झाला की शिट्टी वाजते, खेळ मेला, पुढे जे काही पळापळ होईल ती मोजत नाहीत. कारण हूल दिली गेली, आता त्यानंतरच्या खेळाला न्याय्य म्हणता येणार नाही. शिवाशिव झाली तरी शिट्टी. पण नुसत्या ऑफसाइडला शिट्टी नाही. पंच फडकं टाकतो आणि खेळ चालू राहतो. चूक बचावाची आहे, तर तिचा फायदा आक्रमणाला मिळायला हवा. म्हणून चाणाक्ष क्वार्टरबॅक फडकं पडलेलं दिसताच बेधडक लांब चेंडू फेकतो. झेलला गेला तर शिक्षा नाकारायची आणि चेंडू जिथे पोचला तिथून पुढे खेळायचं. समोरच्यानं झेलला तर पाच यार्ड घेऊन डाउन पुन्हा. यात एक अपवाद आहे, तो माणसाच्या हाडांसाठी. ऑफसाइड आलेल्या बचावपटूसमोर क्वार्टरबॅकपर्यंत मोकळी वाट असेल तर पंच लगेच शिट्टी मारून सगळं थांबवतात. बेसावध क्वार्टरबॅकला तसा धक्का बसू द्यायचा नाही.

ही फडक्याची पद्धत कायमची नव्हती. पूर्वी पंच चूक झाल्याचं कळवायला भोंगा वाजवत. १९४१ साली ओहायोतल्या यंग्सटाउन कॉलेजचे प्रशिक्षक ड्वाइट बीडी यांनी फडक्याची कल्पना काढली, त्यांच्या पत्नीनं ती फडकी शिवली. एनएफएलमध्ये पिवळा रंग १९६५ पासून आहे. आवाज न करता चूक नोंदवता आली म्हणूनच ऑफसाइडनंतर खेळ चालू ठेवणं शक्य झालं, हे मला लाइन्समनच्या कमरेला खोचलेलं फडकं पाहताना पहिल्यांदा उमगलं.

शाळेच्या खेळात मात्र हे चालत नाही. तिथे सेंटरनं चेंडूला हात लावल्यावर बचावाचं पोर पट्टीत घुसलं की तिथल्या तिथे शिट्टी. परत मागे जायची सवलत नाही आणि क्वार्टरबॅकला फुकटचा लांब चेंडूही नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या अंगावर बेसावधपणे कुणी आदळू नये, यासाठी हा कडकपणा आहे. टीव्हीवर व्यावसायिक सामने पाहून आलेले पालक कडेवरून ओरडतात, "खेळू द्या की!" आणि पंच बिचारा त्याच्या नियमानं बरोबरच असतो.

आता मोशन आणि शिफ्ट. आक्रमणानं स्थिर राहायचं म्हटलं, पण एकाला सूट आहे. मागच्या फळीतला एक खेळाडू स्नॅपच्या वेळीसुद्धा पळत असू शकतो. अट एवढीच की तो रेषेला समांतर किंवा मागे जात असावा, पुढे नाही. याला मोशन म्हणतात. दोघे-तिघे किंवा सगळेच जागा बदलू शकतात, ती शिफ्ट. पण शिफ्टनंतर अकराच्या अकरा जणांनी एकत्र किमान एक पूर्ण सेकंद थांबायचं, मगच स्नॅप. किंवा तो सेकंद झाल्यावर एकानं मोशनमध्ये जायचं.

हा एक सेकंद कुठून आला? त्याची मुळं या खेळाच्या रक्ताळलेल्या काळात आहेत. १८८० मध्ये येलच्या वॉल्टर कँपनं रग्बीच्या झुंबडीऐवजी स्नॅप आणि समोरासमोरची रेषा आणली. मग लोकांनी त्या रेषेवर आधीच वेग घेऊन आदळायच्या युक्त्या काढल्या. १८९२ साली हार्वर्डनं येलविरुद्ध पाचरीच्या आकारात धावत येऊन एकाच माणसावर सगळं वजन टाकायची चाल वापरली. अशा चालींनी माणसं जायबंदी व्हायला लागली, १९०५ च्या हंगामात मुलं मेलीसुद्धा, आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यात लक्ष घातलं. १९०६ मध्ये न्यूट्रल झोन आला, १९१० मध्ये रेषेवर सात जण असायलाच हवेत हा नियम आला, म्हणजे मागे गर्दी करून धावत यायची सोय संपली. तरी एक पळवाट उरली. नॉत्र दामचा प्रशिक्षक नूट रॉकनी याचे खेळाडू एका लयीत जागा बदलायचे आणि पाय टेकतात न टेकतात तोच चेंडू निघायचा. सगळा मागचा ताफा आधीच वेगात. ते बंद करायला १९२७ मध्ये पूर्ण एक सेकंदाचा थांबा सक्तीचा झाला. तो सेकंद आजही पंच मनातल्या मनात मोजतात. आमचा लाइन्समन ओठ हलवून मोजायचा.

या नियमांच्या कडेवर खेळण्यात प्रशिक्षकांची कल्पकता दिसते. २०२३ मध्ये मायामी डॉल्फिन्सनी टायरीक हिलला स्नॅपच्या नेमक्या आधी बाहेरच्या बाजूला पळवायला सुरुवात केली. दिशा समांतर, म्हणून कायदेशीर. पण स्नॅप होईपर्यंत जगातल्या वेगवान खेळाडूंपैकी एक जण जवळजवळ पूर्ण वेगात आलेला असायचा आणि समोरचा बचावपटू अजून उभा. पुढे अर्धं पाऊल टाकलं असतं तर दंड झाला असता. कॅनडाच्या फुटबॉलमध्ये तर मागच्या फळीतले खेळाडू रेषेकडे पुढे धावत येऊ शकतात, एक नव्हे, अनेक. तिथे बचाव चेंडूपासून एक यार्ड मागे उभा राहतो, त्यामुळे सौद्याची आकडेमोडच वेगळी आहे.

मोशन आणि शिफ्टच्या चुकांना शिट्टी नसते, फक्त फडकं पडतं. याचं कारण विचार केला की लगेच पटतं. दोघे जण एकदम हलत आहेत, पण स्नॅप झालेला नाही. ते अजून थांबू शकतात, सेकंद भरू शकतो. चूक घडते ती चेंडू निघतो त्याच क्षणी, त्याआधी ती पुरी झालेलीच नसते. तेव्हा खेळ जिवंत झालेला असतो, म्हणून तो चालू ठेवतात. फॉल्स स्टार्ट मात्र स्नॅपची वाट बघत नाही, ती चूक जागच्या जागी पुरी होते. पंच शिकवताना याच फरकावर सर्वात जास्त भर देतात, कारण चुकून वाजलेली शिट्टी परत घेता येत नाही.

हे सगळं बघतं कोण? एनएफएलमध्ये सात पंच असतात, वरच्या पातळीच्या कॉलेज सामन्यांत आठ, शाळेच्या सामन्यात बहुधा पाच. रेषेच्या दोन टोकांना दोघे उभे असतात, एनएफएलमध्ये त्यांना डाउन जज आणि लाइन जज म्हणतात. डाउन जजचं जुनं नाव हेड लाइन्समन, ते २०१७ मध्ये बदललं. हे दोघे बरोबर पट्टीच्या सरळ रेषेत पाय रोवतात, म्हणजे हेल्मेटची रांग त्यांना दोरी ताणल्यासारखी दिसते. मुख्य रेफरी आक्रमणाच्या मागे. अंपायर पूर्वी बचावाच्या गर्दीत उभा राहायचा आणि धक्के खायचा. २०१० पासून एनएफएलनं त्याला बहुतेक वेळ आक्रमणाच्या मागे नेलं. प्रत्येकजण काय मोजतो, मोशनमधला खेळाडू कुणी बघायचा, हे सामन्याआधी बसून ठरवतात. मैदानात तुम्हाला पंच मूठ पुढे करताना दिसतात, ती एकमेकांना सांगायची खूण असते: माझे अकरा मोजून झाले.

रेषेवरच्या पंचाचं काम मला क्रिकेटच्या अंपायरसारखं वाटतं, ज्याला आधी गोलंदाजाचा पाय आणि मग लगेच नजर उचलून फलंदाज बघायचा असतो. इथे स्नॅपआधी रांग, स्नॅपनंतर लगेच आपल्या बाजूचा खेळाडू. क्रिकेटमध्ये पुढच्या पायाचा नो-बॉल आता टीव्हीवरचा अंपायर बघतो. फुटबॉलमध्ये फॉल्स स्टार्ट आणि ऑफसाइड अजूनही माणसाच्या डोळ्यांवरच आहेत, या निर्णयांवर सर्वसाधारणपणे रिप्लेचा आधार नाही.

आणि सगळ्यात अवघड प्रसंग कोणता, तर दोन्ही बाजू हलतात तेव्हा. बचावपटूनं खांदा पुढे टाकला, लाइनमन दचकला. आधी कोण? बचावपटू पट्टीत खरंच आला का, की आपल्याच बाजूला हलला? आपल्या बाजूला हलला असेल तर दचकणाऱ्या लाइनमनचाच दोष. आलाच असेल तर बचावाचा. आणि तो आल्यावर दचकणारा लाइनमन त्याच्या जवळचा होता का, की रांगेच्या दुसऱ्या टोकाचा? दूरचा असेल तर त्याला धोका नव्हताच. शाळेच्या एका सामन्यात दोन्ही टोकांच्या पंचांनी एकाच वेळी फडकी टाकली, एकानं एका संघावर, दुसऱ्यानं दुसऱ्यावर. कडेवर ओरडा सुरू झाला. दोघे मधे आले, शांतपणे बोलले, आणि बचावावर पाच यार्ड दिले. नंतर पाणी पिताना मी आमच्या लाइन्समनला विचारलं. तो म्हणाला, त्याच्या बाजूचा मुलगा हलला हे त्याला दिसलं होतं, पण का हलला हे दुसऱ्या टोकाच्या माणसाला दिसलं होतं. म्हणून तर हे दोघे हातवारे करण्याआधी एकमेकांकडे चालत येतात. प्रेक्षकांना ते गोंधळल्यासारखे वाटतात. मला तो त्यांच्या कामातला सगळ्यात प्रामाणिक क्षण वाटतो.

उभं राहण्याच्या जागेचं प्रकरणही असंच बारीक आहे. रेषेवर सात जण, बाकीचे मागे. आता लाइनमन रेषेवर आहे असं कधी म्हणायचं? त्याचं हेल्मेट सेंटरच्या कमरेच्या रेषेपर्यंत पुढे आलेलं हवं. रांगेच्या बाहेरच्या लाइनमनना, म्हणजे टॅकलना, मागे सरकून उभं राहायचा मोह होतो, कारण वेगवान बचावपटूला अडवायला तेवढाच वेळ मिळतो. २०२३ च्या पहिल्याच सामन्यात चीफ्सचा जवान टेलर फार मागे उभा राहतो आणि स्नॅपच्या आधी निघतो, यावर टीव्हीवर रात्रभर चर्चा झाली. पुढच्या सामन्यात त्याच्यावर पाच दंड लागले.

सगळ्या चुका पंच सारख्याच कडकपणे पकडत नाहीत, आणि पकडूही नयेत असं माझं मत आहे. मैदानाच्या कडेला एकटा उभा असलेला रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा खेळाडू, किंचित हलला, समोरच्यानं पाहिलंही नाही, तर खेळ थांबवून कुणाचं भलं होणार? पण मधल्या लाइनमनचा तेवढाच धक्का लगेच पकडायला हवा, कारण त्यावर चार माणसं उसळतात. अडचण येते ती फिलाडेल्फिया ईगल्सच्या ढकलाढकलीत. एक यार्ड हवा असताना क्वार्टरबॅक सेंटरच्या पाठीला चिकटून घुसतो आणि मागचे त्याला ढकलतात. मागून ढकलणं १९१० मध्ये बंद झालं होतं, एनएफएलनं २००५ मध्ये ते पुन्हा खुलं केलं. ईगल्सच्या या चालीवर बंदी आणायचा ग्रीन बे संघाचा प्रस्ताव २०२५ च्या मे महिन्यात पडला. बाजूनं २२ मतं, विरुद्ध १०, आणि लागत होती २४. मग त्याच वर्षी १४ सप्टेंबरच्या चीफ्सविरुद्धच्या सामन्यात संथ चित्रणात दिसलं की चेंडू हलायच्या आधीच ईगल्सचे लाइनमन पुढे निघताहेत. सगळे एकमेकांना चिकटून जमिनीलगत वाकलेले, चेंडू सेंटरच्या अंगाखाली. टोकावरच्या पंचाला जवळच्या माणसाची पाठ दिसते, चेंडू दिसत नाही. संथ चित्रण बघून त्याला शिव्या घालणं सोपं आहे.

उलट बाजूचं उदाहरण २० जानेवारी २०१९ चं. पुन्हा अ‍ॅरोहेड, पुन्हा चीफ्स, समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स. चीफ्स २८-२४ असे पुढे, शेवटचं मिनिट. पेट्रियट्सच्या टॉम ब्रेडीनं फेकलेला चेंडू त्यांच्याच ग्रॉन्कोव्स्कीच्या हातून उडाला आणि चीफ्सच्या शार्व्हेरियस वॉर्डनं झेलला. सामना जवळपास जिंकलेला. पण बचावपटू डी फोर्ड पट्टीत उभा होता. तो उडी मारून आला नव्हता, फसलाही नव्हता, नुसता पुढे उभा राहिला होता. फडकं, पाच यार्ड, झेल रद्द. पेट्रियट्सनी टचडाउन केलं, पुढे जादा वेळेत ३७-३१ नं जिंकले आणि दोन आठवड्यांनी सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामनाही, जिंकला.

फोर्ड आणि टोनी दोघांची चूक एकच, आणि मामेभावाच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. ती पट्टी कुणाचीच नाही. टोनीच्या सामन्यानंतर चीफ्सचं म्हणणं होतं की अशा वेळी पंच आधी सांगतात, एकदा ताकीद देतात. रेफरी कार्ल शेफर्स यांचं म्हणणं असं की खेळाडूनं विचारलं तर आम्ही सांगतो, पण कुठे उभं राहायचं ही जबाबदारी त्याची. आणि तो इतका पुढे होता की त्याच्यामुळे पंचाला चेंडूच दिसत नव्हता. ताकीद द्यायची रीत चांगलीच आहे, पण तिच्यावर हक्क सांगता येत नाही, असं मला वाटतं. रांगेत बघणाऱ्या माणसाला चेंडूच दिसेनासा झाला, तर त्या डाउनला इतर कुणाचीही चूक तो पकडू शकणार नाही.

आमच्या शाळेच्या मैदानावर शुक्रवारी रात्री हे नेहमी दिसतं. कडेचा रिसीव्हर जागेवर येतो आणि लाइन्समनकडे मान वळवतो. तो रेषेच्या मागे असेल तर लाइन्समन हात मागच्या बाजूला ताणून धरतो, म्हणजे समोरच्या टोकाच्या पंचालाही कळतं. कधी पोरगं उत्साहात पुढे आलेलं असतं. लाइन्समन चेंडूवरची नजर न काढता हळूच म्हणतो, "मागे, अर्धं पाऊल." पोरगं सरकतं. लाइन्समनचे ओठ हलतात, एक पूर्ण सेकंद, आणि सेंटरवरचा मुलगा चेंडू मागे देतो.